विषम आकड्यांची माणसे

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दहावीच्या परीक्षेला हल्ली कोणी मॅट्रिक म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या आजोबांनी तो शब्द शेवटपर्यंत सोडला नाही. मी पास झाले तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले ते 'नात मॅट्रिक झाली' म्हणूनच. तेव्हा मीही मॅट्रिकच. पुढे बालवर्गाची बाई झाले, वीस वर्षे इवल्या बोटांना मुळाक्षरे गिरवायला लावली, रात्री झाकपाक झाल्यावर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या चार छापूनही निघाल्या. पण शिक्षणाचा रकाना भरायची वेळ आली की लेखणी मॅट्रिकपाशीच थांबते.

अशा बाईने चाळिशी उलटल्यावर वंशावळ शोधण्याचा अभ्यासक्रम पुरा करावा, आणि तोही ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा, ही आमच्या घरी अजून थट्टेची गोष्ट आहे. ग्लासगोला मी काही गेले नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळाला मोबाइल टेकवून ठेवीत असे. समोर वही, वहीशेजारी इंग्रजी-मराठी कोश. असे सहा आठवडे शिकले. अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांची आता वाण नाही. बोस्टन विद्यापीठाने पंधरा आठवड्यांचा काढला, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाने तर कौटुंबिक इतिहासाची पदविकाच सुरू केली. ज्याची जेवढी पैशाची आणि इंग्रजीची ऐपत, त्याने तेवढे शिकावे. माझी ऐपत सहा आठवड्यांची.

"आपल्या पूर्वजांची चौकशी करायला ग्लासगोपर्यंत कशाला जायचं?" आमचे यजमान म्हणाले. "सुगी झाली की हेळवी दारात येतोच की!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वंशावळीचे वेड आपल्याला साहेबाने शिकवायला नको. आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला सुगी संपली की बेळगावकडून हेळवी येतात. ओट्यावर बसून वह्यांचे बाड सोडले की घराण्याचा मूळपुरुष कोठून निघाला, कोणत्या गावी स्थिरावला, त्याला पुत्र किती, त्या पुत्रांना पुत्र किती, हे एका सुरात वाचून दाखवितात. मग पायलीभर जोंधळे आणि एखादे जुने लुगडे घेऊन, घरात नव्याने जन्मलेल्या मुलाचे नाव टिपून, पुढच्या दारी जातात. काशी, गया, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर सर्वांच्या परिचयाच्या. आपण गाव आणि आडनाव सांगावे, आणि पणजोबांची मोडीतली सही पाहून डोळे पुसावेत. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतल्या युटा येथील वंशावळ-संस्थेने घेऊन ठेवली आहेत. आपल्याकडे कुलवृत्तांताचे जाडजूड ग्रंथ किती घराण्यांनी काढले त्याची गणती नाही. आणि तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ साली आपल्या वंशाची हकीकत बृहदीश्वराच्या देवळात मराठीतून दगडावरच कोरून ठेवली. कागदाला वाळवी लागते. दगडाला लागत नाही.

तरीही त्या सहा आठवड्यांत मला जे मिळाले ते हेळव्याच्या वहीत नव्हते. ते काय होते, ते सांगण्यासाठीच हा लेख.

अभ्यासक्रमाचा पहिला धडा अगदी साधा होता. आरंभ स्वतःपासून करा, आणि एकेक पायरी मागे जा. वाचताना मला हसू आले, कारण आपली सगळी रीत याच्या नेमकी उलट. आपण आरंभ करतो मूळपुरुषापासून. हा मूळपुरुष एक तर कोणा राजाबरोबर लढाईला गेलेला असतो, नाही तर त्याला देवीने स्वप्नात येऊन गाव सोडायला सांगितलेले असते. सावकाराला चुकवून रातोरात पळालेला मूळपुरुष मला एकाही कुलवृत्तांतात भेटलेला नाही. आणि खरे पाहता महाराष्ट्रातली निम्मी गावे अशाच माणसांनी वसविली असतील. वरून खाली यायचे म्हटले की माणूस सोयीचा पूर्वज निवडतो. खालून वर जायचे म्हटले की निवड उरत नाही. जो आहे तो पत्करावा लागतो.

दुसरा धडा पुराव्याचा. हातात कागद आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. हा कागद अस्सल की नक्कल? यातली माहिती सांगणारा त्या वेळी स्वतः हजर होता, की ऐकीव सांगतो आहे? आणि हा कागद आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो, की आडून सुचवितो? यातली खोच अशी की एकच कागद एका गोष्टीला भरवशाचा आणि दुसरीला अगदी कुचकामाचा असू शकतो.

हे मला पटवायला परदेशी उदाहरणाची गरज नव्हती. शाळांचे जुने जनरल रजिस्टर पाहा. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची पाने उलटली तर असे वाटते की सारा गाव एकाच दिवशी जन्मला: १ जून. बाप मुलाला खांद्यावर घेऊन शाळेत यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "मोठा पूर आला त्याच्या मागल्या साली." गुरुजी मुलाच्या डोक्याला डोके लावून अंदाज घ्यायचे आणि शाळेच्या हिशेबाला सोयीची तारीख मांडून मोकळे व्हायचे. पुढे त्याच तारखेला ती मुले नोकरीला लागली, त्याच तारखेला निवृत्त झाली, आणि आता त्यांची नातवंडे १ जूनला आजोबांचा वाढदिवस म्हणून केक कापतात. रजिस्टर अस्सल, गुरुजींचे अक्षर अस्सल, आणि तारीख कल्पित! पण त्याच ओळीतले बापाचे नाव, गाव आणि जात पाहा. ती सांगणारा समोर उभा होता. २०२३ साली मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम शासनाने हाती घेतले तेव्हा ही पिवळी पडलेली रजिस्टरे कपाटांच्या तळातून वर आली. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना जावयासारखा मान मिळू लागला. ज्या गुरुजींना उभ्या हयातीत कोणी 'लेखक' म्हटले नाही, त्यांची एकेक ओळ लोक श्वास रोखून वाचू लागले.

तिसरा धडा माझ्यासारखीला जड. शोध शक्य तितका पुरा करा. प्रत्येक गोष्ट कोठे मिळाली ते लिहा. पुरावे एकमेकांशी ताडून पाहा. जेथे विसंगती दिसेल तेथे तिचा उलगडा करा. आणि शेवटी निष्कर्ष कारणांसह लिहून काढा. या पाच गोष्टी झाल्याखेरीज 'हा माझा पूर्वज' असे म्हणायचे नाही. मी कादंबरी लिहिणारी बाई. नायिकेला आत्या हवी असली तर मी एका वाक्यात आत्या निर्माण करते, आणि नको झाली की पुढच्या प्रकरणात प्लेगने नेते. येथे मात्र रिकामी जागा रिकामीच ठेवायची होती.

आणि मग आला आकड्यांचा तक्ता. त्याला जर्मन भाषेत आनेनटाफेल म्हणतात, म्हणजे पूर्वजांचा तक्ता. मिखाएल आयत्सिंगर नावाच्या ऑस्ट्रियन इतिहासकाराने १५९० साली ही आकड्यांची रीत छापली, आणि ती अजून चालते. तिची गंमत बालवर्गातल्या मुलालाही कळेल. स्वतःला १ आकडा द्यायचा. कोणाही माणसाचा आकडा दुप्पट केला की त्याचा बाप मिळतो. त्यात एक मिळविला की आई. म्हणजे माझा बाप २, आई ३. बापाचा बाप ४, बापाची आई ५. आईचा बाप ६, आईची आई ७. असे दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका ओळीतच १०२४ माणसे उभी राहतात. मूळपुरुष एकच असतो असे मानणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा जरूर करून पाहावा.

या तक्त्यात, आपला १ आकडा सोडला तर, सम आकडे सारे पुरुष आणि विषम आकडे साऱ्या बायका. मी एका रविवारी दुपारी तक्ता भरायला बसले. २, ४, ८, १६ हे तर भराभर भरले. हेळव्याची वही होतीच. ६, १२ हेही मामाकडून मिळाले. तासाभरात वहीच्या पानावर असे चित्र दिसू लागले की सम आकड्यांपुढे नावे आणि विषम आकड्यांपुढे कोऱ्या जागा. ३ भरला, कारण ती माझी आई. ५ आणि ७ भरले, कारण त्यांच्या मांडीवर मी वाढले. पुढे ९, ११, १३, १५ सगळे कोरे. रांगोळीचे ठिपके मांडावेत आणि एकाआड एक ठिपका कोणी तरी पुसून टाकावा, तसे ते पान दिसत होते.

वाटले, धर्मात तरी यांची सोय असेल. आमच्या भटजींना विचारले. म्हणाले, "आहे की! महालयात बापाकडच्या तीन पिढ्या, आईसह त्यांच्या तीन बायका. मग मातामह, त्यांचे वडील, आजोबा आणि त्यांच्याही तिघी. सगळ्यांना पिंड असतो." मी घरी येऊन ते आकड्यांत मांडले. आईची आई, ७, सापडली. आईच्या बापाची आई, १३, तीही सापडली. पण आईच्या आईची आई? १५ आकडा त्या यादीत नाही. बापाच्या आईची आई, ११, तीही नाही. शास्त्रकारांनी बाईला जागा दिली ती कोणाची तरी पत्नी म्हणून दिली. बाईच्या आईकडे जाणारी वाट त्यांनी आखलेलीच नाही.

स्कॉटलंडची गोष्ट निराळी. तेथे १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची झाली, आणि मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईबापांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहायचा रिवाज पडला. लग्न झालेल्या बाईचे माहेरचे नाव तेथे कागदावरून पुसत नाहीत. पुष्कळ थडग्यांवरही तेच कोरलेले असते. म्हणून ग्लासगोची म्हातारी आपल्या आजीची आजी एका दुपारी शोधून काढू शकते. आमच्या अभ्यासक्रमात 'बाईचे माहेरचे आडनाव शोधा' असा उपदेश वारंवार येई. मी मनात म्हणे, बाबांनो, तुमचे काम सोपे आहे. आमच्याकडे नुसते आडनाव जात नाही. बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नाव काढले की जन्मनावही जाते. बारा-तेरा वर्षे जे नाव ऐकून पोर धावत आली, ते नाव एका संध्याकाळी तांदळाबरोबर उचलून ठेवतात. मग नवे नाव काय, तर लक्ष्मी. निम्म्या महाराष्ट्राच्या सुना लक्ष्मी! माझी १५ आकड्याची पणजी, आईच्या आईची आई, तीही लक्ष्मीच. मला तिच्याविषयी एवढेच ठाऊक होते.

मी ठरविले की आधी १५ आकडा भरायचा.

आमच्याकडे एक तांब्याचे घंगाळ आहे. पणजीचे ते आजीकडे आले, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. एरवी ते माळ्यावर असते. दिवाळीला अभ्यंगस्नानासाठी खाली येते. अभ्यासक्रमात एक प्रकरण शरीरातल्या खुणांवर होते. बापाकडून मुलग्याकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलग्याकडे जाते ते वाय गुणसूत्र. आणि आईकडून सगळ्या मुलांना मिळते, पण पुढे फक्त मुलीच देऊ शकतात, ते मायटोकाँड्रियातले डीएनए. ते वाचताना मला घंगाळ आठवले. तेही नेमके त्याच वाटेने आले होते: १५, ७, ३, १.

त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे घातलेली होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत जुनी. कासाराच्या दुकानाबाहेर माणूस बसायचा, छिन्नी आणि हातोडी घेऊन टकटक करायचा. दुकान गजबजलेले असले तरी त्याचे शुद्धलेखन मात्र त्याचे स्वतःचे. आता ते काम यंत्र करते. पण आमच्या घंगाळावरची अक्षरे कोणालाच लागत नव्हती. शंभर वर्षे चिंच आणि राख यांनी घासून ती झिजली होती. घासणारे हात कोणाचे, तर तिच्याच लेकीनातींचे. आईने मला लहानपणी बजावलेले मला आठवते: "काठ नीट घास, काळं राहतंय." ते काळे म्हणजे अक्षरांत साचलेला मळ होता.

मी बालवर्गातली युक्ती केली. मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि नाणे उमटवितात, तसा पातळ कागद काठावर धरून पेन्सिल घासली. हळूहळू ठिपके वर आले. 'चि. कृष्णा हीस मामाकडून', पुढे गावाच्या नावाची जागा सपाट, आणि शेवटी 'शके १८४७'. म्हणजे इसवी सन १९२५-२६. पणजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असणार.

कादंबरी असती तर येथे प्रकरण संपले असते. पण पुराव्याचे तीन प्रश्न होतेच. ही कृष्णा म्हणजे माझीच पणजी कशावरून? घंगाळ मोडीत घेतलेले नसेल कशावरून? दुष्काळात किती घरांतली भांडी कासाराकडे जात आणि तेथून दुसऱ्या घरात येत. मी वहीत १५ आकड्यापुढे 'कृष्णा?' असे पेन्सिलीने लिहिले.

आईची मावशी अजून आहे. पंच्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी येते, पण आठवण लख्ख. तिला मी पणजीचे माहेरचे नाव विचारले. ती म्हणाली, "आईला कुणी नावानं हाक मारीतच नव्हतं गं. आम्ही 'आई' म्हणायचो, तात्या 'ऐकलंस का' म्हणायचे." मग बराच वेळ गप्प बसली, आणि एकदम म्हणाली, "भाऊबीजेला मामा यायचा. तो उंबऱ्यातनं हाक द्यायचा, किसे! आई परकरी पोरीसारखी पळत जायची. त्या दिवशी ती आमची आई वाटायचीच नाही."

कृष्णेची किसा. हा पुरावा ऐकीव नव्हे. हाक तिने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आपले आजोळ कोणते, तेही तिने न चुकता सांगितले. मी पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह जरा फिकट केले.

उरले ते काम तहसील कचेरीत होते. जुन्या फेरफार नोंदवहीच्या नकलेसाठी अर्ज केला. मला वाटले होते, बापाच्या जमिनीच्या कागदात लग्न होऊन गेलेल्या लेकीचे नाव कशाला असेल? पण १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या मिळकतीत मुलगी वारस ठरली. त्यानंतर बाप मेला की तलाठ्याला लेकींची नावेही लिहावी लागू लागली. माझे ३० आकड्याचे पूर्वज, म्हणजे पणजीचे वडील, १९५८ साली वारले. त्या सालच्या फेरफारात दोन मुलगे वारस म्हणून होते, आणि तिसरी ओळ अशी: 'मुलगी लक्ष्मीबाई ऊर्फ कृष्णाबाई', पुढे 'कोम' लिहून माझ्या पणजोबांचे नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. ही जुन्या दप्तरातली भाषा.

'ऊर्फ' या अडीच अक्षरांपाशी मी किती वेळ बसले होते कोण जाणे. घंगाळावरची पोर आणि श्राद्धातली लक्ष्मी या दोघी एकच, हे सांगणारा महाराष्ट्रात तेवढाच एक शब्द शिल्लक होता. तो एका तलाठ्याने, बहुधा कंटाळत, दौतीत टाक बुडवून लिहिला होता.

खाली दोन ओळी आणखी होत्या. सदर मुलीने आपला हक्क राजीखुशीने भावांच्या लाभात सोडला, सबब तिचे नाव कमी केले. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्या काळच्या रीतीप्रमाणे भावांनी तिला साडीचोळी केली असेल, आणि ती डोळे पुसत सासरच्या एसटीत बसली असेल; पण हे मी वहीत लिहिले नाही, कारण याला पुरावा नाही. पुरावा आहे तो एवढ्याचाच, की तिचे जन्मनाव आयुष्यात दोनदा लिहिले गेले: एकदा तिला देऊन टाकताना, आणि एकदा तिने सोडून देताना.

माझ्या शिकण्याचे सार्थक त्या दिवशी झाले, असे मी मानते. अभ्यासक्रमाच्या पाच नियमांप्रमाणे मी एक पानभर निष्कर्ष लिहून काढला. घंगाळ, मावशीआजीची साक्ष, फेरफार. कोणता पुरावा किती वजनाचा, शंका कोणत्या आणि त्यांचे निरसन कसे. चार कादंबऱ्या लिहिताना मी जेवढी खोडाखोड केली नसेल तेवढी त्या एका पानावर झाली. मग १५ आकड्यापुढे शाईने लिहिले: कृष्णा.

त्या साली सुगीनंतर हेळवी आला. त्याचे वाचन झाल्यावर मी त्याला म्हटले, "दादा, आमच्या एका आजीचं नाव वहीत घालायचं आहे." त्याने हकीकत नीट ऐकून घेतली. माणूस आपल्या धंद्यातला जाणता. म्हणाला, "बाई, माझी वही घराण्याची. ह्या आजीला कुठल्या घराण्यात घालू? बापाच्या घरातनं ती दिलेली. दादल्याच्या घरात तिचं नाव लक्ष्मी. आणि ही कृष्णा तुमची कोण, तर आईच्या आईची आई. तुमची आई एका घरची, तिची आई दुसऱ्या घरची, तिची तिसऱ्या. ह्याला वंश कसं म्हणायचं?"

मला त्याला उत्तर देता आले नाही. तो म्हणत होता ते त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबर होते. घराणे म्हणजे एका अंगणात राहिलेली माणसे. आणि माझ्या विषम आकड्यांतली प्रत्येक बाई निराळ्या अंगणात मेली. तिचा वंश गावोगाव विखुरलेला, दर पिढीला आडनाव बदलणारा. मी त्याला जोंधळे घातले, लुगडे दिले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली. तिच्यात फक्त विषम आकडे मांडायचे. ३, ७, १५ भरले आहेत. ५ भरला आहे. ११ आकड्याच्या मागे मी सध्या आहे. ३१ आकडा कोरा आहे. फेरफारात कृष्णेच्या बापाचे नाव होते, आईचे नव्हते. ती त्याच्या आधीच वारली असावी. तिचे नाव कदाचित कोठल्या तरी परातीच्या काठावर असेल, कोणाच्या तरी माळ्यावर.

शासनाच्या दप्तरातही आता थोडी हवा बदलते आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शासकीय कागदावर लिहिताना आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ती मुले बालवर्गाच्या वयाला येऊ घातली आहेत. हजेरी घेताना मी त्यांना आईच्या नावासकट हाक मारीन. शंभर वर्षांनी कोणी तक्ता मांडायला बसला तर त्याचा एक विषम आकडा तरी शाळेच्या पटावरून भरेल. अर्थात आईचे ते नाव सासरी बदललेले की जन्माचे, हे त्या कागदावरून कळणार नाही. एवढे काम घरच्यांनीच करून ठेवायला हवे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळीची साफसफाई चालू असेल. माळ्यावरून घंगाळे, पराती, तांबे खाली आले असतील. चिंचेचा कोळ लावण्याआधी काठ जरा उजेडात धरून पाहा. अक्षरे असली तर त्यांवर कागद ठेवून पोरांच्या हातून पेन्सिल घासून घ्या; पोरांना तो खेळ आवडतो. भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा तिथल्या सर्वांत थोरल्या बाईजवळ घटकाभर बसा, आणि तिला तिचे नाव विचारा. लक्ष्मी म्हणाली तर थांबू नका. तिला विचारा, "त्याच्या आधीचं?"